एकेचाळिसावं सिदर

माझं नाव हणमंत चव्हाण. गाव खटाव तालुक्यातलं. पायदळात बावीस वर्षं काढली, हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि सहा महिन्यांत बहरीनला सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून रुजू झालो. मनामात मराठी मंडळींचा कार्यक्रम असला की कोणीतरी मला पुढं करतं. "काका, बॉर्डरची एखादी आठवण सांगा." मी सांगतो. बर्फ, बंकर, पेट्रोलिंग. लोक मन लावून ऐकतात. पण माझ्या आयुष्यात मला सगळ्यांत जास्त भीती वाटली ती बॉर्डरवर नाही. ती इथं वाटली, दिवसाढवळ्या, एका काटेरी झाडाखाली. ती आठवण मी स्टेजवरून कधी सांगितली नाही. म्हणून लिहून ठेवतो आहे.

त्या वर्षी माझी ड्युटी हिद्दच्या औद्योगिक भागातल्या एका पाइपच्या यार्डवर होती. माझ्या हाताखाली नऊ गार्ड. त्यांतला एक इक्बाल परकार. गाव दापोलीजवळ. तो माझ्याच पलटणीत लान्स नायक होता. माझ्या आधी चार वर्षं सुटला आणि सरळ बहरीनला आला. मला इथं नोकरी लागली ती त्याच्यामुळं. अरादला आम्ही एका खोलीत राहायचो. तो पहाटे नमाजाला उठायचा, मी त्याच वेळी पी.टी. ला. चहा ज्याचं आधी आवरेल त्यानं टाकायचा. चौदा वर्षांत त्यानं अरबी अशी उचलली होती की दुकानदार त्याला इथलाच समजायचे. मला मात्र तो पलटणीतल्यासारखंच "हवालदार" म्हणायचा. मी कितीदा सांगितलं, आता दोघंही सिव्हिल आहोत. तो म्हणायचा, "रँक काय युनिफॉर्मबरोबर स्टोअरला जमा होते काय?"

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफिसातून ऑर्डर आली. दक्षिणेच्या वाळवंटातून एक नवी पाइपलाइन टाकायची होती. त्याआधी त्या पट्ट्यातल्या झाडांची मोजणी करायला एक मॅडम येणार, त्यांच्याबरोबर दोन माणसं आणि एक गाडी द्यायची. मी स्वतःचं आणि इक्बालचं नाव टाकलं.

मॅडम म्हणजे मृणाल देशमुख. पुण्याच्या, वय चौतीस-पस्तीस, वनस्पतिशास्त्रात शिकलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला काम समजावून दिलं. वाळवंटात जिथं जिथं सिदरचं झाड दिसेल, तिथं थांबायचं. खोडाचा घेर, उंची, जागा लिहायची. खोडाला नंबराची पत्र्याची पट्टी बांधायची.

"सिदर म्हणजे आपल्या बोरीचंच भावंड," त्या म्हणाल्या. "इथलं मूळचं झाड. कोणी लावलेलं नाही, कोणी पाणी घातलेलं नाही. मी रिपोर्टमध्ये दाखवलं तर लाइन वळवता येईल. नाही दाखवलं तर जेसीबी येईल."

आम्ही पहाटे साडेचारला निघायचो. पाचला वाळवंटात, अकराच्या आत परत. मधे नाश्ता. नऊ दिवस हेच रुटीन चाललं. चाळीस झाडांना पट्ट्या बांधून झाल्या. बहुतेक झाडं एकेकटी. लांबून पाहिलं की काळा ठिपका, जवळ गेलं की गोल माथा, बारीक चिवट पानं आणि अंगाला लागली तर सोडणार नाहीत असे काटे.

त्या पट्ट्याच्या कडेला एका म्हाताऱ्या बहरीनी माणसाचा खजुराचा मळा होता. त्यांना सगळे अबू यूसुफ म्हणायचे. सत्तरी ओलांडलेले, पाठ ताठ. मळ्याच्या दारात त्यांच्या आजोबांच्या वेळचं सिदर होतं. जाता-येता ते आम्हाला त्याच्याखाली बसवून गावा, म्हणजे त्यांची ती फिकी कॉफी, पाजायचे. मॅडम विचारायच्या, इक्बाल अरबीतून मराठीत आणायचा, मॅडम लिहून घ्यायच्या.

दहाव्या दिवशी म्हाताऱ्यांनी खूप सांगितलं. या झाडाच्या फळाला ते कनार म्हणतात. त्यांच्या लहानपणी कनार वाळवून मडक्यात भरून ठेवायचे आणि टंचाईच्या दिवसांत तेच खायचे. पाला शेळ्यांना. काट्यांच्या फांद्यांचं कुंपण. लाकडाला वाळवी लागत नाही, म्हणून दाराच्या चौकटी आणि कुदळीचे दांडे याचेच. अंगावर गळू आलं की पाला वाटून बांधायचा. बायका पाला वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून ठेवायच्या आणि त्यानंच केस धुवायच्या.

"फेस येतो म्हणतात," इक्बाल म्हणाला. "साबण तेव्हा कोणी बघितलावता?"

मॅडमनी आदल्याच दिवशी म्हाताऱ्यांच्या घरून ती पूड नेली होती. "धुतले मी काल केस," त्या हसून म्हणाल्या. "शिकेकाईपेक्षा मऊ झालेत."

निघताना अबू यूसुफ उभे राहिले आणि वायव्येकडं बघत काहीतरी बोलले.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"बुक्रा हवा. उद्या वारा सुटंल. शमाल, धुळीचा वारा. नका जाऊ म्हणतात."

मी मोबाईलवर हवामान बघितलं. वारा दुपारनंतर दाखवत होता. आणखी एकच झाड उरलं होतं. उपग्रहाच्या फोटोत दक्षिणेला एक ठिपका दिसत होता, बाकीच्या झाडांपासून खूप लांब. मॅडमना गुरुवारी रिपोर्ट द्यायचा होता. त्या माझ्याकडं बघत होत्या.

"अकराच्या आत आपण बाहेर येऊ," मी म्हणालो. "जाऊ या."

निर्णय माझा होता. त्यात दुसऱ्या कोणाचा हात नाही.

दुसऱ्या दिवशी निघायला उशीर झाला, कारण गाडीचा मागचा टायर बदलावा लागला. सात वाजता वाळवंटात शिरलो. गाडीत चोवीस छोट्या पाण्याच्या बाटल्यांचा एक खोका, बर्फाची पेटी, दोरखंड, एक फावडं, दोन हँडसेट. हिद्दच्या कंट्रोल रूमशी बोलायला मोबाईल होता. हँडसेट फक्त आमच्या आमच्यात बोलण्यापुरते.

साडेनऊला लांब, सखल भागात ते झाड दिसलं. आम्ही खाली उतरलो तेव्हाच मोबाईलची रेंज गेली. मी ते पाहिलं होतं. झाड समोरच होतं, दहा मिनिटांचं काम, म्हणून मी काही बोललो नाही.

नऊ चाळीसला झाडापासून ऐंशी पावलांवर गाडी रुतली. त्या भागात वरून जमीन कोरडी, पांढरी, कडक दिसते. खाली खारट चिखल असतो. पुढची दोन्ही चाकं अर्ध्यापर्यंत गेली. आम्ही फावड्यानं उकरलं, चाकाखाली पायपुसणी टाकली, गाडी मागं-पुढं झुलवली. इक्बाल स्टिअरिंगवर, मी ढकलायला. दहा वीसला बॉनेटखालून वाफ आली. कूलंटचा पाइप फुटला होता. इंजिन बंद. म्हणजे एसीही बंद.

मॅडम तोपर्यंत झाडाचं माप घेऊन आल्या होत्या. "झाली नोंद," त्या म्हणाल्या. "एकेचाळीस." मग त्या गाडीच्या दाराला धरून खाली बसल्या. चेहरा पांढरा पडला होता आणि अंगावर घाम नव्हता. मी ट्रेनिंगमध्ये उन्हाच्या झटक्याचं लेक्चर दहा वेळा ऐकलं होतं, चार वेळा स्वतः दिलं होतं. घाम थांबणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. भीती वाटली ती तिथं. पहिल्यांदा.

गाडीत बसणं शक्य नव्हतं. पत्रा हात लावू देत नव्हता. आम्ही मॅडमना दोन्हीकडून धरून झाडाखाली नेलं. इक्बालनं बुटानं खालचे काटे बाजूला सारले आणि खोडाजवळची वाळू फावड्यानं उकरली. वरची वाळू भाजत होती, पण कोपरभर खाली गेल्यावर ती गार लागली. त्या खळग्यात त्यांना निजवलं, पाय बॅगेवर उंच ठेवले. बर्फाच्या पेटीतल्या पाण्यात माझा बनियन भिजवून मानेवर आणि काखेत ठेवला. सिदरची सावली दाट असते. मी तेव्हा मनात म्हणालो, ही सावली नसती तर अर्ध्या तासात खेळ संपला असता.

बाटल्या मोजल्या. नऊ उरल्या होत्या.

कंट्रोल आमची चौकशी करणार दोनला, शिफ्ट बदलताना. तोवर मॅडम टिकतील याची खात्री नव्हती. उत्तर-पश्चिमेला एक उंचवटा दिसत होता, अंदाजे दोन किलोमीटर. येताना तिथं रेंज होती.

इक्बाल बुटाच्या नाड्या बांधायला लागला.

"मी जातो," मी म्हणालो.

"तुमचा गुडघा?" तो म्हणाला. "आणि मॅडमला फर्स्ट एड कोण देणार? मला त्यातलं काय कळतंय? मी जातंय."

बरोबर होतं. मी ऑर्डर दिली, पलटणीत द्यायचो तशी. "उंचवट्यावर जायचं. कंट्रोलला मेसेज द्यायचा. लोकेशन, एक कॅज्युल्टी, गाडी बंद. मेसेज पोचल्याची खात्री करायची आणि परत यायचं. हँडसेट चालू ठेव. चार बाटल्या घे."

"दोन पुरेत."

"चार घे म्हणतोय."

"दोन किलोमीटरला चार बाटल्या? हवालदार, म्हातारे झालात." त्यानं दोन घेतल्या, टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि निघाला. वेळ दहा पंचेचाळीस.

'परत यायचं' हे मी सांगितलं होतं. तिथंच थांब, मदत घेऊन गाडीबरोबर ये, असं सांगता आलं असतं. मला का सुचलं नाही? खरं सांगायचं तर मला तो जवळ हवा होता. मी घाबरलो होतो.

अकरा दहापर्यंत तो दिसत होता. आधी माणूस, मग काडी. अकरा वीसला मी मॅडमच्या तोंडात थेंब थेंब पाणी सोडत होतो, तेव्हा उजेडाचा रंग बदलला. मान वर केली. वायव्येकडचं आकाश तपकिरी झालं होतं आणि ते जमिनीला टेकलेलं होतं. उंचवटा दिसत नव्हता. मग गाडी दिसेनाशी झाली. मग वारा आला.

शमाल मी शहरात पाहिला होता. तिथं खिडक्या लावून घेतात आणि दुसऱ्या दिवशी गाडी धुतात. इथं वाळू तोंडावर खड्यांसारखी बसत होती. हात लांब केला तर बोटं धूसर. झाड सगळ्या अंगानं आवाज करायला लागलं. मी मॅडमच्या तोंडावर ओला रुमाल टाकला आणि त्यांच्यावर आडवा बसलो.

अकरा तीस. हँडसेट खरखरला. वन म्हणजे मी, टू म्हणजे इक्बाल.

"वन, वन, धिस इज टू. ओव्हर."

"टू, वन. बोल."

"मेसेज पोचला. कंट्रोल रॉजर. लोकेशन दिलं, दोनदा वाचून घेतलं. गाडी निघाली. पण धूळ आहे, वेळ लागंल म्हणतात. ओव्हर."

मी डोळे मिटले. "शाबास. टू, तू आता जागेवर थांब. परत येऊ नको. रिपीट, परत येऊ नको. उंचवट्यावरच बस. ओव्हर."

खरखर.

"टू, ऐकलंस का? जागेवर थांब. ओव्हर."

"...परत... रॉजर..." एवढंच आलं.

त्या दोन शब्दांच्या मधे काय होतं ते मला आजही माहीत नाही. मी पाच मिनिटं तेच बोलत राहिलो. उत्तर नाही.

बारा पाचला त्याचा आवाज परत आला. धापा टाकत होता. "वन, मी निघालोय. झाड दिसत नाय. तुम्ही दिसत नाय. हॉर्न वाजवा."

तो उंचवटा सोडून आमच्याकडं यायला निघाला होता.

मी मॅडमना म्हणालो, "मी गाडीपर्यंत जातो." त्या शुद्धीवर होत्या. त्यांनी माझी बाही धरली. "चव्हाणकाका, तुम्ही हरवलात तर?" त्यांच्या बॅगेत मोजणीची शंभर मीटरची टेप होती. तिचं एक टोक मी सिदरच्या खोडाला बांधलं, दुसरं माझ्या कमरेच्या पट्ट्याला, आणि गुडघ्यांवर वाकून चालत गाडीचा पत्रा हाताला लागेपर्यंत गेलो. तीन लांब हॉर्न दिले.

"टू, हॉर्न ऐकू आला का?"

"नाय."

परत तीन. "आता?"

"नाय, हवालदार. वारा लय आहे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो वाऱ्याच्या बाजूला होता. आमचा सगळा आवाज त्याच्यापासून लांब, उलट दिशेला वाहून जात होता. त्याला ऐकू जाणारच नव्हतं. तरी मी वाजवत राहिलो, बॅटरी उतरेपर्यंत.

मग परत झाडाशी आलो, हँडसेट मॅडमकडं दिला आणि टेप कमरेला तशीच ठेवून वायव्येला गेलो. एका हातात व्हील-पाना, दुसऱ्या हातात रिकामा डबा. डबा बडवत, "इक्बाल, इक्बाल" ओरडत टेप ताठ होईपर्यंत गेलो. पुढं काही नाही. तपकिरी भिंत. टेप सोडून आणखी पन्नास पावलं जावं असं फार वाटलं. पण मागं झाडाखाली एक बाई माझ्या भरवशावर पडली होती. मी टेपच्या टोकाला अर्धगोल फिरलो. तोंड वाळूनं भरलं. मग टेप तुटली.

कुठल्या दिशेला तोंड आहे ते मला कळेना. असा क्षण मी बर्फातही अनुभवला नव्हता. मी जागेवर बसलो. वाळूत चाचपडत टेपचं तुटलेलं टोक शोधत राहिलो. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. नंतर घड्याळ पाहिलं तर फक्त सहा मिनिटं गेली होती. टोक सापडलं. ते धरून रांगत रांगत झाडाशी आलो. काटे पाठीत घुसले तेव्हा समजलं की पोचलो. त्या काट्यांचं मला इतकं बरं वाटलं!

मॅडमनी माझ्या हातात हँडसेट दिला. "ते बोलताहेत," त्या म्हणाल्या. "पण काहीतरी वेगळंच बोलताहेत."

बारा बेचाळीस.

"हवालदार, फॉलिन झालं काय?" इक्बालचा आवाज. शांत, अगदी नेहमीचा. "मला उशीर झाला. लंगरचा धूर दिसतोय. मी पोचतोच."

धापा थांबल्या होत्या. ऊन डोक्यात गेलं होतं. मनानं तो आमच्या जुन्या कॅम्पच्या रस्त्यावर होता, फॉलिनला, म्हणजे हजेरीच्या रांगेला, चालला होता.

मी ओरडलो नाही. परेडवर काढायचो तो आवाज काढला. "लान्स नायक इक्बाल!"

"जी, हवालदार."

"थम."

"थमलो."

"बाटली आहे का?"

"आहे."

"पाणी पी."

"पितो."

"खाली बस. पाठ वाऱ्याला. तोंड टॉवेलमधे. मी येईपर्यंत उठायचं नाही."

मी बटण सोडलं. मग, "जी, हवालदार."

त्यानंतर मी दर दोन मिनिटांनी बोलत राहिलो. त्याला पलटणीतली नावं सांगितली. कोण कुठं असतो, कोणाच्या मुलीचं लग्न झालं. अरादच्या खोलीचं भाडं वाढणार आहे हेही सांगितलं. एकला पाच मिनिटं असताना त्याच्याकडून बटण दाबल्याची खट् ऐकू आली. बोलणं नाही. मग तीही आली नाही. मी तरी बोलतच होतो. मॅडम माझ्या शेजारी उठून बसल्या होत्या आणि त्यांनी हँडसेट धरलेला माझा हात खालून धरला होता.

दोन दहाला गाडीचे दिवे दिसले. इक्बालनं दिलेलं लोकेशन अचूक होतं. दोन गाड्या, पॅरामेडिक, आणि पुढच्या गाडीत रस्ता दाखवायला अबू यूसुफ. त्यांना कोणीतरी फोन केला होता. मॅडमना आत घेतलं, सलाईन लावलं. त्या वाचल्या.

वारा तीन वाजता पडला. आम्ही रांग करून वायव्येला निघालो. साडेतीनला अबू यूसुफनी हात वर केला.

तो एका छोट्या वाळूच्या ढिगाला टेकून बसला होता. पाठ वाऱ्याला, पाय सरळ, तोंड टॉवेलमध्ये. मांडीवर हँडसेट. शेजारी एक रिकामी बाटली. दुसरी बाटली शर्टाच्या आत, पोटाशी, सील न फोडता. मी पाणी पी म्हणालो तेव्हा ती त्याच्याजवळ होती. त्यानं ती कोणासाठी राखली होती हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

तिथून सिदरपर्यंत मी पावलं मोजली. सहाशे बारा.

मग पोलीस, हॉस्पिटल, जबाब. मी जबाबात माझी ऑर्डर शब्दशः लिहून दिली. इक्बालची बायको रेहाना फोनवर म्हणाली, इकडं आणायला दिवस लागतील, तिथंच दफन करा. पाचव्या दिवशी परवानगी मिळाली.

त्या दिवशी सकाळी अबू यूसुफ माझ्या खोलीवर आले. मला अरबी कामापुरतंच येतं. ते "सिदर, सिदर" म्हणत होते आणि हातानं अंघोळीची खूण करत होते. त्यांच्याबरोबर आलेल्या ड्रायव्हरनं हिंदीत सांगितलं, "मय्यत का आखरी ग़ुस्ल सिदर के पत्ते से होता है. दुकान का पावडर मिलता है. लेकिन ये बोलते हैं, ताज़ा पत्ता लेंगे, और तुम तोड़ो."

मी त्यांच्या मळ्यातल्या झाडाचा पाला तोडला. मोठं घमेलं भरून. हातमोजे दिले होते, ते मी घातले नाहीत. म्हाताऱ्यांच्या घरातल्या बायकांनी तो दगडावर ठेचला आणि पाण्यात घोळला. हिरवट फेस आला. ते पाणी आम्ही मनामाला नेलं. आंघोळ घालणारे आत गेले. मी माझ्या धर्मामुळं बाहेर थांबलो, कोणी थांब म्हणालं नव्हतं. दाराखालून पाणी वाहत आलं, त्याला ओल्या पाल्याचा वास होता. मी सावधानमध्ये उभा राहिलो. दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

मृणाल मॅडम दफनाला आल्या नाहीत, हॉस्पिटलात होत्या. त्यांचा रिपोर्ट नंतर गेला. एकेचाळिसाव्या झाडाच्या शेऱ्यात त्यांनी लिहिलं होतं, की या झाडाच्या सावलीमुळं सर्व्हेतल्या दोन व्यक्ती वाचल्या आणि तिसऱ्या व्यक्तीनं त्यांचा ठावठिकाणा कळवताना प्राण गमावला. लाइन शेवटी कुठून टाकली ते मला कळलं नाही. मी परत त्या भागात गेलो नाही.

ऑक्टोबरमध्ये सुट्टीवर आलो. घरी दोन दिवस थांबलो आणि दापोलीला गेलो. इक्बालचं घर रस्त्याच्या वर, जांभ्या दगडाचं. रेहानानं पडवीत खुर्ची टाकली. माझ्याशी ती "भाऊ" म्हणून बोलली. मी त्याचं सामान दिलं. मग जे सांगायला गेलो होतो ते सांगितलं.

"वहिनी, त्याला परत ये म्हणणारा मी होतो. नंतर थांब म्हणालो, पण ते त्याला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही."

मग तिनं जे विचारलं त्याची मी तयारी केली नव्हती.

"भाऊ, मला चार महिने झोप नाय. एकच दिसतं. त्या वाळूत तो एकलाच बसलाय आणि कोणालातरी हाका मारतोय. कोणीच ओ देत नाय. तसंच झालं काय?"

"नाही," मी म्हणालो. "तसं झालं नाही. आम्ही बोलत होतो. रेडिओवर. शेवटपर्यंत."

"शेवटपर्यंत?"

"तो 'जी, हवालदार' म्हणाला. नंतर बोलला नाही, पण बटण दाबत होता. मी थांबलो नाही."

"काय बोलत होता तुम्ही?"

"पलटणीतलं. गावाकडचं. खोलीच्या भाड्याचं."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आत वळून मोठ्यानं हाक मारली. "अम्मा! भायेर या. एकला नव्हता ओ तो. ऐका, हे काय सांगतात ते."

इक्बालची आई भिंतीला धरत बाहेर आली. ऐंशीच्या पुढची. कानानं जवळजवळ बहिरी. रेहानानं तिला माझ्यासमोर बसवलं आणि मला म्हणाली, "मोठ्यानं सांगा. सगळं सांगा."

मी खुर्चीवरून उठलो, म्हातारीच्या कानाशी वाकलो आणि त्या सकाळी निघाल्यापासून सुरुवात केली. तिचा लेक काय म्हणाला, मी काय म्हणालो, एकेक वाक्य, वेळेसकट. जिथं तिला ऐकू आलं नाही तिथं तिनं माझा हात दाबला, आणि मी ते वाक्य परत म्हणालो.